थंडीत सकाळी जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, नवी बॅटरी टाकूनही तेच. सेल्फच बदलावा का?

भाऊ, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, एवढ्यात बदलू नका. दुपारी हाच ट्रॅक्टर एका खटक्यात चालू होतो, असं तुम्हीच लिहिलंय. सेल्फ जळालेला असता तर दुपारीही हलला नसता. माझा संशय जाड वायरींच्या जोडांवर आहे, आणि त्यातही अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून ट्रॅक्टरच्या धातूवर येणाऱ्या पट्टीवर. आमच्या वर्धा-यवतमाळकडे तूर काढायची वेळ आली की जुन्या ट्रॅक्टरांची हीच तक्रार सुरू होते, आणि पहिला खर्च बहुतेक वेळा बॅटरीवरच होतो.

विदर्भ म्हणजे उन्हाळा असं बाहेरचे लोक म्हणतात, पण आपली थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. एवढी थंडी रोज नसते, पण ८-१० अंशांतही दोन गोष्टी एकदम होतात. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिचा जोर कमी पडतो. आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे तेच इंजिन फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो. म्हणजे देणारा कमजोर आणि मागणारा जास्त हावरा.

आता जोडाचं गणित बघा. सेल्फ सुरुवातीला २५०-३०० अँपिअर सहज ओढतो. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला, तरी २५० अँपिअरला तिथेच अडीच व्होल्ट खाल्ले जातात. बारापैकी अडीच गेले, वर बॅटरी स्वतःही दबलेली. मग सेल्फला उरतं काय? अर्धवट बंद कॉकवर ठिबक चालतं, पण स्प्रिंकलर लावला की नोझल उचलत नाही, तसंच हे. हेडलाइट चांगला लागतो म्हणून वायरिंग चांगली, असं धरू नका. हेडलाइटला पाच-दहा अँपिअर पुरतात.

दोन-तीनशे रुपयांचं मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि थंड ट्रॅक्टरवर सकाळीच मोजा. दुपारी मोजलं तर दोष लपून राहील. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि स्टॉपचा खटका ओढून धरलेला, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने वाचायचं.

आधी सेल्फ न मारता बॅटरी बघा: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. नवी बॅटरीही दुकानात पडून उतरलेली असू शकते. मग सेल्फ मारताना बघा. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. ११ च्या वर राहते आणि सेल्फ तरी फिरत नाही, तर करंट पुढे जातच नाहीये.

यानंतरचं मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं, आणि गावातल्या गॅरेजात ते क्वचितच कोणी करतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. दुसरी पिन सेल्फच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच प्लस खुंटीपासून सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की ‘टक्’ करून सेल्फला करंट जोडणारा स्विच) पहिल्या जाड बोल्टपर्यंत, म्हणजे बॅटरीची वायर येते तिथपर्यंत, मोजा. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. तिथे आधी १२ दिसतील, पण ‘टक्’ झाल्यावर आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. तसाच वर राहिला तर आतली तांब्याची तबकडी जळलेली आहे, तेवढा सोलेनॉइड बदला.

एक तपासणी अजून. चावीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरवर सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात ते पाहा. जुनी चावी, क्लचखालचा सेफ्टी स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा), जागोजागी टेप मारलेली वायर, यात नऊच व्होल्ट उरले तर सोलेनॉइड नीट ओढतच नाही. तिथे वेगळा रिले (थोड्या करंटवर चालून बॅटरीचा पूर्ण करंट पुढे देणारा स्विच) लावून घेतला की काम होतं.

अर्थिंग खराब निघालं तर पट्टी गिअरबॉक्सवर जिथे कसली आहे तो बोल्ट पूर्ण काढा. खाली हमखास काळी माती, गंज किंवा ट्रॅक्टर रंगवताना बसलेला रंग सापडेल. सेल्फ इंजिनवर बसतो तो चेहराही रंगलेला असतो. धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून ग्रीस लावा. वायर बदलायची तर आतलं तांबं बघून घ्या. बाजारात वरून जाड दिसणारी, पण आत मोजक्याच तारा असलेली वायर मिळते.

हात जोडून एक सांगतो: सोलेनॉइडवर पाना आडवा टाकून सेल्फ मारू नका. त्याने सेफ्टी स्विच बाजूला पडतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो समोर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. माणसं यात मेली आहेत. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरणं किंवा ऑइलच्या चेंबरखाली जाळ करणं हेही नको. रात्री ट्रॅक्टर गोठ्यात लावून बोनेटवर पोती टाकली तरी सकाळी फरक पडतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

वायरिंग सगळी चोख निघाली आणि तरी सेल्फ जड फिरतो, तरच तो खोला. बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) झिजले असतील तर आर्मेचर (सेल्फमधला फिरणारा भाग) आत घासतं. कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ठोकळे) आखूड झाले असतील तर स्प्रिंगसकट चारही बदला. पिनियनवर (इंजिन फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) ग्रीस भरू नका, थंडीत ते धुळीसकट घट्ट होऊन पिनियन अडकतं. रॉकेलने धुऊन कोरडं करा.

सेल्फ जोरात फिरतोय पण ट्रॅक्टर पेटत नाही, असं असेल तर ते दुखणं वेगळं. तिथे रात्रीतून डिझेल लाइनमध्ये शिरलेली हवा, चोंदलेला फिल्टर किंवा हीटर प्लग (थंडीत इंजिनातली हवा तापवणारा) असेल तर तो बघावा लागतो. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. उद्या सकाळी मोजा आणि अर्थिंगचा आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.