योजना पोचली, पण लागू पडली का?

प्रश्न : आमच्या गावातील अनेक गृहिणींना गोवा सरकारच्या ‘गृह आधार’ योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात. लाभार्थी किती आणि रक्कम किती वाटली, एवढ्यावरून योजना यशस्वी ठरते का? खरा परिणाम सरकारने कसा मोजावा?
— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली

उत्तर : ठरत नाही. तो खर्चाचा हिशेब झाला. तो चोख असलाच पाहिजे, पण त्यावरून पैसे हाती पोचले एवढेच कळते. परिणाम मोजायचा म्हणजे, योजना नसती तर याच घरांचे काय झाले असते, हे शोधायचे; आणि एकच घर एकाच वेळी योजनेत व योजनेबाहेर असू शकत नसल्यामुळे त्याच्याशी तुल्य अशी दुसरी घरे शोधावी लागतात. आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहणे फसवे असते, कारण मधल्या काळात भावही बदलतात आणि रोजगारही. अर्ज करणाऱ्या व न करणाऱ्या स्त्रियांची तुलनाही तितकीच फसवी, कारण कागदपत्रांसाठी खेटे घालणारी स्त्री मुळातच अधिक खटपटी असू शकते.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कोणाला आधी द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवणे. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू केली. मुले नियमित शाळेत जातील आणि कुटुंब आरोग्य केंद्रात तपासणीला येईल, या अटीवर ग्रामीण गरीब मातांना रोख रक्कम मिळू लागली. सर्व गावांना एकदम देण्याइतका पैसा नव्हताच; म्हणून मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर, असा क्रम सोडतीने लागला. दोन्ही गटांची तुलना केल्यावर शाळेतील पटसंख्या, विशेषतः माध्यमिक वर्गांतील मुलींची, वाढल्याचे दिसले. २००० मध्ये तेथे सत्तांतर झाले. नव्या सरकारने योजनेचे नाव बदलले, पण योजना चालू ठेवली. आपल्याकडे सत्ता बदलली की आधीच्यांच्या योजनांचे काय होते, ते वाचकांना सांगायला नको.

‘गृह आधार’ २०१२ पासून चालू असल्याने सोडतीची वेळ टळली आहे. तरीही एक वाट उरते. योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. तिच्या किंचित खाली व किंचित वर असलेल्या घरांत दुसरा मोठा फरक नसतो, म्हणून त्यांची तुलना बरीच विश्वसनीय ठरते. मात्र उत्पन्नाचे दाखले मर्यादेच्या अगदी खालीच दाटीने जमलेले आढळले, तर ही तुलना कोसळते, कारण लाभासाठी काहींनी उत्पन्न मुद्दाम कमी दाखवलेले असू शकते. म्हणून अभ्यासकाने सर्वांत आधी ही दाटी तपासावी.

प्रश्न : काहींना द्यायचे आणि काहींना मुद्दाम थांबवायचे, हा अन्याय नव्हे काय?
— एक पंचायत सदस्य, पेडणे

उत्तर : लाभ सिद्ध झालेला असेल आणि सर्वांना पुरेल इतका पैसा व मनुष्यबळ हाताशी असेल, तर अन्यायच आहे, तेथे असा प्रयोग करू नये. परंतु बहुतेक योजना टप्प्याटप्प्यानेच पोचतात आणि आधी कोण, हे कोणीतरी ठरवतेच. ओळखीपाळखीने लागणाऱ्या क्रमापेक्षा सोडत मला अधिक न्याय्य वाटते.

शिवाय लाभ होईलच, हे गृहीत धरता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने देशभर लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची (म्हणजे वर्षभर मुलांच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीची) हरियाणातील ५०० सरकारी शाळांत अशीच परीक्षा घेतली गेली, आणि मुलांच्या गुणवत्तेत फरक पडल्याचे आढळले नाही. त्याच अभ्यासात प्राथमिक शाळांतील मुलांना इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट करून शिकवले, तेव्हा त्यांचे हिंदी वाचन सुधारले. शिक्षकांचे कितीतरी तास नोंदवह्या भरण्यात जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘फरक पडला नाही’ या निष्कर्षाचे मोलही कळते.

प्रश्न : गोव्यासारख्या लहान राज्यात हे जमेल का? आणि अहवाल फायलीत पडून राहणार नाही कशावरून?
— एक शासकीय कर्मचारी, पर्वरी

उत्तर : बारा तालुक्यांची आपसांत तुलना केली तर काहीच निष्पन्न होणार नाही, संख्या फार थोडी आहे. पण १९१ ग्रामपंचायती आहेत, शेकडो शाळा व अंगणवाड्या आहेत. सोडत त्या पातळीवर काढावी. लहान राज्यात शेजारच्या गावची माणसे एकाच बाजाराला येतात आणि योजनेचा परिणाम सीमा ओलांडतो, एवढे भान ठेवावे.

अहवाल धूळ खात पडतो तो बहुधा त्यातला प्रश्न संबंधित खात्याने स्वतः विचारलेला नसल्यामुळे. गुजरातमध्ये कारखाने स्वतःच प्रदूषण तपासणारा लेखापरीक्षक निवडून त्याचे शुल्क देत, आणि प्रदूषणाचे आकडे सोयीचे निघत. तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळाने संशोधकांबरोबर ही रीतच तपासायला घेतली. काही कारखान्यांना सोडतीने लेखापरीक्षक नेमून दिले, शुल्क सामायिक निधीतून दिले आणि आकड्यांची फेरतपासणी केली. अहवाल अधिक खरे होऊ लागले, प्रदूषणही घटले, आणि २०१५ मध्ये मंडळाने नियम बदलले. तमिळनाडू सरकारने तर २०१४ मध्ये जे-पॅल या संशोधन संस्थेशी दीर्घकालीन करारच केला.

गोव्यात नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय आपल्या पर्वरीतच आहे. नव्या योजनेची फाईल वित्त खात्याकडे जाण्यापूर्वी संबंधित खात्याने या संचालनालयाबरोबर बसून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : कोणता बदल अपेक्षित आहे, तो कशाने मोजणार, पहिली पाहणी केव्हा होणार आणि गावांचा क्रम कसा लागणार. पहिला हप्ता वाटल्यानंतर पाहणीचा विचार सुरू झाला, तर तुलनेसाठी अस्पर्शित गट उरत नाही.