कॅथलिक माणूस इतरांच्या संस्कृतीचा आदर मनापासून करतो की सभ्यता म्हणून?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातला कॅथलिक सहकारी दरवर्षी तुमच्याकडे गणपतीला येतो, पंगतीला बसून पोटभर जेवतो, पण आरतीला हात न जोडता मागे उभा राहतो. त्याचा धर्म तर येशूलाच तारणारा मानतो. मग हा आदर खरा की वरवरचा?

मी वसईची. घरात बोली सामवेदी, मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) आणि रोजरी (जपमाळेची प्रार्थना) मराठीत. तुमच्या सहकाऱ्याच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण आमचा धर्म काय सांगतो आणि तो पाळताना आम्ही कुठे ठेचकाळतो ते सांगते.

येशू सगळ्या जगाचा तारणारा आहे असं आम्ही मानतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते सौम्य करून सांगणार नाही. पण त्याच बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला असं आहे. तिथे अजून कुणी यहुदी नाही, कुणी ख्रिस्ती नाही, नुसता माणूस आहे. म्हणजे समोरच्याचा मान त्याच्या श्रद्धेवर ठरत नाही, तो त्याला देवाने आधीच देऊन ठेवलेला आहे. मी तो दिला नाही तर चूक माझ्या खात्यावर.

हे सोपं नाही. अगदी पहिल्या शिष्यांनाही जड गेलं, आणि गंमत बघा, भांडण झालं ते जेवणावरून. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र हा कट्टर यहुदी. यहुदी नसलेल्या माणसाच्या घरी जाणं त्याला वर्ज्य. कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याचं, बोलावणं आलं तेव्हा तो गेला, आणि देव पक्षपात करत नाही हे मला आता कळलं, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय वाचा. पण पुढे अंत्युखिया शहरात काय झालं? जेरुसलेमहून काही मंडळी आली आणि त्यांना काय वाटेल या भीतीने हाच पेत्र परक्यांच्या पंगतीतून बाजूला झाला. पौल या दुसऱ्या प्रेषिताने त्याला तोंडावर सुनावलं. ज्याला आम्ही पहिला पोप मानतो त्याचा हा कमीपणा बायबलमध्ये तसाच ठेवलाय, कुणी झाकला नाही. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण हेच आमच्या घरात घडत होतं.

आमची केळीची आणि पानवेलीची वाडी. कामाला वारली बायका यायच्या. त्यांच्यासाठी पडवीच्या कुडावर एक कप पालथा घातलेला असायचा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. आई त्यात वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की ती बाई स्वतःच कप विसळून पुन्हा कुडावर ठेवायची. हे कुणी ठरवलं, कधीपासून चाललं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वजांनी धर्म बदलला, पण जात आणि शिवाशिव बरोबर घेऊनच आले. चर्चमध्ये जाणाऱ्या घरांत मी हे पाहिलंय, आणि त्यात माझं घर आहे.

2016 च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पोप फ्रान्सिस रोमबाहेरच्या एका निर्वासित केंद्रात गेले. त्या संध्याकाळी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुतात. पोपसमोर बसलेल्यांत मुसलमान होते, वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती होते आणि भारतातून गेलेला एक हिंदूही होता. एवढे वयस्कर पोप गुडघे टेकून एकेकाचं पाऊल धुवून, पुसून त्याचं चुंबन घेत होते. भावाच्या फोनवर आईने ते पाहिलं. पाहून काही बोलली नाही.

गुड फ्रायडेला वाडीत काम नसतं. शनिवारी सकाळी बाई आली तेव्हा कुडावर कप नव्हता. आईने तिला स्वयंपाकघरात हाक मारली आणि आमच्या कपबशांतली एक पुढे केली. ती उंबऱ्यावरच थांबली, आत येईना. किती वर्षांची सवय! मग आईच आपला कप घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. दोघी गप्प बसून चहा प्यायल्या. आत यायला त्या बाईला आणखी काही महिने लागले.

चर्चचंही थोडं असंच झालं. 1659 मध्ये व्हिएतनाम-चीनकडे निघालेल्या धर्मगुरूंना रोमने लेखी बजावलं होतं की तिथल्या लोकांच्या चालीरीती बदलायला जाऊ नका, त्यांच्याकडे श्रद्धा न्या, आपला देश नेऊ नका. आणि 1684 मध्ये गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम काढत होता. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, तर 1560 पासूनच बसलं होतं, ते 1812 मध्ये कायमचं उठलं. यावर मी सारवासारव करणार नाही. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) मराठी शिकून ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहीत होता, 1616 मध्ये ती छापून आली, हेही खरं. पण एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं की त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. हिंदू धर्माचं त्यात नाव घेऊन आदराने लिहिलंय. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरही दस्तऐवज निघाला: श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती नको. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये देवाची क्षमा मागितली, त्या यादीत इतरांच्या संस्कृतीचा आणि धर्माचा मान न राखल्याचं पाप होतं. आमच्या वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांची तर पीएचडीच तुकारामांवर आहे.

आता आरतीचं. प्रसाद घ्यावा की नाही यावर आमच्याकडे घराघरांत मतं वेगळी आहेत. पौलाच्या पत्रांतही मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर लांबलचक चर्चा आहे. मी स्वतः मोदक घेते, कारण तो मला माणसाने प्रेमाने दिलेला असतो. माझी मावशी घेत नाही, पण शेजारच्या काकूंच्या आजारपणात महिनाभर डबा तिनेच पोचवला. तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला प्रसाद देण्याआधी एकदा विचारा, तो संकोचाने नाही म्हणू शकत नसेल.

आणि तो हात जोडत नाही ते मनाला लावून घेऊ नका. हात जोडणं ही त्याच्यासाठी प्रार्थना आहे, आणि तुमच्या देवासमोर त्याला प्रार्थनेचं नाटक करायचं नाहीये. आरती संपेपर्यंत तो घरी जात नाही, फोन काढत नाही, मागे शांत उभा राहतो ना? मी चर्चमध्ये लग्नाला आलेल्या माझ्या हिंदू मैत्रिणींना असंच उभं राहिलेलं पाहते, आणि त्या आल्या याचा मला फार आनंद होतो. येत्या नाताळला तुम्ही त्याच्या घरी जा. मध्यरात्रीच्या मिस्साला नेशील का, असं विचारून बघा.