एआय आल्यावर मेकॅनिकनं जर्मनीला यावं का? उद्यमनगरच्या भावाला उत्तर

भावा, तू विचारलंयस की आयटीआय झालंय, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला बरीच वर्षं हात काळे केलेत, आता जर्मनीला यायचं मनात आहे, पण एआयमुळं मेकॅनिकचं कामच जाणार असेल तर एवढा आटापिटा कशाला. मी पण तिथनंच आलोय, त्यामुळं वाचल्यापासनं डोक्यातनं जाईना. व्हिसा, पगार, भाषेची लेव्हल सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही.

काम भरपूर आहे. युरोपात जुलै २०२४ पासनं प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक मारणारी सिस्टिम सक्तीची झाली, त्यामुळं पुढची काच बदलली तरी त्या काचेमागचा, रस्ता बघणारा कॅमेरा परत कॅलिब्रेट करायला, म्हणजे नेमका जुळवायला लागतो, समोर बोर्ड उभा करून, मापं घेऊन, आणि ते माणूसच करतो. इलेक्ट्रिक गाडीत ४०० ते ८०० व्होल्ट, वेगळं ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावू देत नाहीत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालनं लई गंजतात, तो अडकलेला बोल्ट काढायला कुठला एआय येतोय.

गेलंय ते बिघाड ओळखायचं काम, आणि मनाला लागतं ते हेच. आपल्याकडं गिऱ्हाईक बॉनेट उघडून उभं राहायचं, आपण कान द्यायचा, टॅपेट वाजतायत म्हणायचं, की माणूस निवांत. तेवढ्यासाठी निपाणीवरनं गाड्या यायच्या. हितं गाडीला टॅबलेट जोडायचा, तो कोड वाचतो, तसल्या हजारो गाड्यांचा डेटा बघून आधी हे तपास मग ते बदल म्हणतो, आणि काल लागलेल्या पोराला आणि मला एकच सूचना येते. एक खरं, सुरुवातीला माझं जर्मन कच्चं होतं तेव्हा ह्याच टॅबलेटनं तारलं.

मागं एक गाडी आली, तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग, म्हणजे तो मधनंच पेट घेईना. टॅबलेट म्हणाला इग्निशन कॉइल बदला. मी इंजिन चालू ठेवून वायरिंग नुसतं हलवलं तर आवाज बदलला, कनेक्टर काढला तर पिनवर हिरवा थर. साफ केला, गाडी सुरळीत. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं, ते सिस्टिममध्ये गेलं, आता तसली गाडी आली की तो आधी कनेक्टर बघा म्हणतो. चांगलंच आहे, पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. वस्तादाकडनं शिव्या खाऊन शिकलेलं होतं ते.

आता कागदपत्रं. आपला मोटर मेकॅनिकचा आयटीआय २ वर्षांचा, हितलं शिक्षण साडेतीन वर्षांचं, मग आपलं शिक्षण हितं मान्य व्हायला अनुभव दाखवून फरक भरून काढायचा. माझ्या मालकानं प्रेमानं पत्र दिलेलं, "मुलगा प्रामाणिक आहे, काम उत्तम करतो". हितल्या कार्यालयानं ते बाजूला ठेवलं, कुठलं काम, किती महिने, कुठल्या सिस्टिमवर ते लिहून मागितलं, एक कागद दिला की दुसरा मागायचे, आणि माझी उमेदीची वर्षं कुणाच्या हिशोबातच नव्हती. अजून राग येतो.

आणि पोरं असतील तर हे नीट ऐक. हितं बहुतेक राज्यांत चौथीनंतरच शाळा वेगळ्या होतात, कोण विद्यापीठाच्या वाटेला आणि कोण धंदेशिक्षणाच्या. माझी पोरगी गणितात पुढं, निबंधात मागं, कारण घरी मराठी. बाईंनी वरच्या शाळेची शिफारस दिली नाही. नंतर बदलता येतं, ती बदलेलही, पण दहा वर्षांच्या पोरीला भाषेवरनं तोलायचं हे मला पटलं नाही आणि पटणार नाही. धंदा एवढा बदलत असताना तर तिच्यापुढं सगळ्या वाटा उघड्या पाहिजेत. पोरं लहान असतील तर शाळेआधीच आण.

एकटेपणाचं विचारलंस, सवय होते.

यायचं तर ये. पण कान चांगला आहे एवढ्यावर येऊ नको, वायरिंग डायग्राम वाचायला शीक, मल्टिमीटरवर हात बसव, ईव्हीचा कोर्स तिथंच कर. आणि मालकाकडनं पत्र आत्ताच घे, महिन्यांसकट, कामांसकट. त्याला लिहायला जमत नसेल तर मला कळव, मसुदा मी करून देतो.