बॉनेट न उघडता बॅटरीला जोडणी

प्रश्न : गोराईच्या वाडीतला ट्रॅक्टर पावसाळ्यात उभा राहिला की बॅटरी उतरते. दर वेळी बॉनेट उघडून जंपर (दुसऱ्या बॅटरीला जोडायची केबल) लावावा लागतो. जोडणी बाहेर काढता येईल का?

उत्तर : येईल. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून ३५ चौरस मिमीच्या दोन तांब्याच्या केबली काढून बाजूच्या पत्र्यावर १७५ अँपिअरचा, झाकणाचा दोन पिनी कनेक्टर बसवा. नुसते उघडे बोल्ट नकोत. पाना पडला तर ठिणगी उडेल. लाल केबलीत बॅटरीपासून वीतभर अंतरात २५० अँपिअरचा फ्यूज हवाच. केबल पत्र्यावर घासून इन्सुलेशन गेलं, तर फ्यूजशिवाय आगच. म्हणून केबल जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (धार झाकणारी कडी) घाला.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, शेवटी लावा. लग (केबलीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) हातोडीने ठोकू नका, क्रिंपिंग मशिननेच दाबा. सैल लग सेल्फ मारताना तापतो. गोराईसारख्या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, तेव्हा कलई केलेले लग घ्या, वर पेट्रोलियम जेली.

दुसरी बॅटरी जोडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच सेल्फ मारा. फक्त चार्जर लावायचा असेल, तर ६ चौरस मिमी वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरे.