काचेवर न हलणारा ठिपका

प्रश्न : मी लहान विमान चालवण्याचे प्रशिक्षण घेत आहे. हवा स्वच्छ असेल आणि आपण विमानतळाजवळ असू, तेव्हा दुसऱ्या विमानाशी टक्कर होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, असे आमचे प्रशिक्षक वारंवार सांगतात. लख्ख उजेडात समोरचे विमान दिसत कसे नाही?

उत्तर : आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. एरवी विस्तीर्ण आकाशात विखुरलेली विमाने उतरण्यासाठी एकाच धावपट्टीकडे येतात, त्यामुळे तेथे ती जवळपास एकाच उंचीवर आणि एकाच रेषेत गोळा होतात. शिवाय हवा चांगली असते तेव्हाच शिकाऊ आणि हौशी वैमानिक मोठ्या संख्येने उड्डाणाला निघतात.

दिसण्याचे म्हणाल, तर आपल्या डोळ्यांना हलणारी वस्तू चटकन जाणवते, आणि नेमकी येथेच अडचण येते. दोन विमाने आपापला वेग आणि दिशा न बदलता एकाच बिंदूकडे येत असतील, तर एकातून पाहणाऱ्याला दुसरे विमान काचेवर जागचे हलताना दिसत नाही. काचेवर बसलेल्या चिलटाच्या डागासारखे ते एका जागी राहते, बराच वेळ तेवढेच लहान वाटते आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठे होते. म्हणून सरकणाऱ्या विमानापेक्षा न सरकणाऱ्या ठिपक्याची धास्ती अधिक बाळगावी.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार, समोरची वस्तू नजरेस पडल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद जातात. त्यांतले ५ सेकंद टक्कर होणार आहे हे उमगण्यात आणि ४ सेकंद काय करावे हे ठरवण्यात खर्च होतात. प्रत्येकी १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातील सुमारे १.३ किलोमीटर अंतर संपते. त्या अंतरावरून ११ मीटर लांबीचे पंख पूर्ण चंद्राइतके रुंद दिसतात, पण चंद्रासारखी भरीव थाळी तेथे नसते, असते ती एक बारीक आडवी रेघ. भिरभिरत्या नजरेला ती सापडत नाही. यासाठी आकाशाचे साधारण १० अंशांचे तुकडे मनाशी पाडून प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद नजर स्थिर करायची, मगच पुढे जायचे.

विमानाचे स्वतःचे अंगही दृष्टीच्या आड येते. पंख वर असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, पंख खाली असलेल्या विमानातून खालचे दिसत नाही. त्यामुळे खाली-पंखाचे विमान वरून आणि वर-पंखाचे विमान खालून एकाच धावपट्टीकडे उतरत असेल, तर दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसत नाही. वर-पंखाचे विमान वळताना ज्या बाजूला वळायचे तीच बाजू झुकलेल्या पंखाने झाकली जाते, म्हणून वळण्याआधी तो पंख क्षणभर उचलून पाहून घ्यावे.

नजर इतकी तोकडी असल्यामुळेच सर्किटची, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या आयताकृती फेरीची शिस्त आहे. ठरलेल्या उंचीवर यावे, डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने), बेस (धावपट्टीकडे वळणारी आडवी बाजू) आणि फायनल (धावपट्टीच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) या क्रमानेच उतरावे, विमानतळ बराच दूर असतानाच रेडिओ ऐकू लागावे आणि आपण कोठे आहोत, पुढे काय करणार आहोत, हे स्पष्ट सांगावे. दुसरे विमान दिसले नसेल तर ‘दिसले नाही’ असेच सांगावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

नुसते बोलणे मात्र पुरत नाही. कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे, जेथे नियंत्रण मनोरा नाही, १८ ऑगस्ट २०२२ रोजी सर्किटमध्ये असलेले सेसना १५२ आणि दुरून थेट फायनलवर आलेले दोन इंजिनांचे सेसना ३४० यांची टक्कर होऊन तिघांचा मृत्यू झाला. दोघेही रेडिओवर बोलत होते. मागून येणाऱ्या विमानाचा वेग सुमारे १८० नॉट होता, आणि तो पाहून पुढच्या वैमानिकाने आपण न उतरता पुन्हा वर जात असल्याचेही सांगितले होते. सर्किटमध्ये इतर विमाने असताना वेगवान विमानाने थेट फायनलवर येणे मला अयोग्य वाटते, नियमाने त्याला मुभा असली तरीही.

प्रश्न : मनोरा असेल आणि कॉकपिटमधील पडद्यावर इतर विमाने दिसत असतील, तर हा धोका टळतो का?

उत्तर : कमी होतो, टळत नाही. डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर मनोरा आहे. तेथे १२ मे २०२१ रोजी दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एकीवर उतरणारे एक लहान सिरस विमान फायनलवर वळताना आपली रेषा ओलांडून गेले आणि शेजारच्या रेषेतील मेट्रोलायनर या दोन इंजिनांच्या विमानावर आदळले. सुदैवाने दोन्ही विमानांतील कोणालाही इजा झाली नाही.

पडद्यावर तीच विमाने दिसतात जी आपला संदेश प्रक्षेपित करत असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी (विमानाने आपले स्थान रेडिओवरून आपोआप कळवत राहण्याची यंत्रणा) प्रक्षेपण सक्तीचे झाले, पण ते ठरावीक हवाई क्षेत्रांपुरते. बाहेरच्या लहान धावपट्ट्यांवर ते नसलेली विमानेही येतात. म्हणून सर्किटमध्ये शिरण्यापूर्वी पडदा पाहून कोण कोठे आहे याचा अंदाज घ्यावा आणि त्यानंतर नजर बाहेरच ठेवावी. बेसवरून वळण्यापूर्वी आधी फायनलच्या दूरच्या टोकाकडे पाहावे, मग समांतर धावपट्टी असेल तर तिच्या फायनलकडे, आणि ते दोन्ही मोकळे दिसले की मगच पंख झुकवावा.