एटीव्ही घेतोयस? आधी हे वाच

भावा, एटीव्ही म्हणजे शेतात, कच्च्या वाटेवर फिरवायची जाड टायरची चारचाकी बाईक. शोरूमवाला काहीही सांगू दे, पहिला प्रश्न एकच विचार, "ह्याचं पासिंग होतं का?" आपल्याकडे बहुतेक एटीव्ही ऑफ-रोड म्हणूनच विकतात, आरटीओत नोंदणीच होत नाही, आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 39 सरळ म्हणतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही. फार्महाऊसच्या कंपाउंडमध्ये, स्वतःच्या शेतात काय ती फिरव, पण गेटबाहेर डांबरी रस्त्यावर आलास की पहिल्याच वेळी 5000 पर्यंत दंड, वर इन्शुरन्स नाही म्हणून 2000 वेगळे. दंडाचं सोड रे, कुणाला धडकलास तर भरपाई तुझ्याच खिशातून, खरी भीती मला त्याचीच वाटते.

मागे पोलारिस कंपनीने त्यांची स्पोर्ट्समन 570 ही एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली होती, ती रस्त्यावर चालते, पण सगळी मॉडेल्स तशी नाहीत हां.

आणि अल्पवयीन पोराला चालवायला देऊन रस्त्यावर सोडू नकोस, 2019 नंतर कलम 199अ मध्ये पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड आहे. शेतापर्यंत न्यायची असेल तर सरळ टेम्पोत टाकून ने, आम्ही तेच करतो.