तापात डाएट चालू ठेवावं का?

तीन आठवडे डाएट नीट पाळलं, आता ताप आलाय, तर उपाशी राहून वजन आणखी उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून नको. ताप 1 अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. अशात पोट रिकामं ठेवलं तर स्नायू झिजतात. काट्यावर घटलेलं दिसतं ते बरंचसं पाणीच. मऊ भात, मेतकूट, चमचाभर तूप, मुगाचं वरण एवढं तरी घ्या. जुलाब असतील तर ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्यात. इंदूरात आजारी माणसासाठी सराफ्यातून, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारातून, रबडी येते, लाड असेच होतात. ती मात्र राहू द्या. ताप उतरल्यावर भूक खवळते, तेव्हा पोहे जरूर खा, वर शेव चिमूटभरच.